कारण मिटनं का?

आमच्या शेजारचे भिकननाना मेलेल्या रोपाच्या जागी नवं रोप लावू देत नाहीत. धुळ्यातल्या आमच्या कॉलनीत हौसेनं मोगरा आणणाऱ्या प्रत्येकीची त्यांनी उलटतपासणी घेतली आहे. "पहिला का मरना? कारण मिटनं का? नही? मंग दुसराले कसाले मारतस?"

नाना वनखात्यात कारकून. जंगल पाहिलं ते फायलीत. पण निवृत्त होता होता, साहेब आजारी पडले म्हणून, दुर्मीळ पशुपक्षी वाचवण्याच्या प्रशिक्षणाला यांना पाठवलं आणि माणूस कायमचा हातातून गेला. जिथं एखादा जीव संपला, तिथं आधी संपण्याचं कारण दूर करा, मगच नवा जीव आणून सोडा, असं तिथं शिकवलं होतं. ते होतं सातपुड्यातल्या रानपिंगळ्यासाठी, एका दुर्मीळ घुबडासाठी. नानांनी ते आमच्या कॉलनीला लावलं.

माझ्या मोगऱ्याचं कारण निघालं माझंच साबणाचं पाणी! नळ दुरुस्त करायला आलेल्याला तर त्यांनी इतकं पिडलं, की बिचारा पाना विसरून पळाला. कुणाच्या मुलीचं ठरलं की विचारणार, "तठलं पानी कसं शे? वस्ती कशी शे?" अहो, पोरगी द्यायचीय की काळवीट सोडायचंय! आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो.

मग उन्हाळ्यात त्यांची मनीषा माहेरी आली. गालावर वळ होता. नवरा प्यायचा आणि हात उचलायचा. नानी जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात बापलेक दोघंच.

थोड्या दिवसांनी सासरची मंडळी जीप भरून तिला न्यायला आली. साडी, नारळ, वर नानांचे थोरले भाऊ आबा मध्यस्थ. "झालं गेलं विसरा," असा सगळ्यांचा एकच सूर. मी चहाला मदत करायला गेले होते. स्वयंपाकघरात मनीषानं माझा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, नाना थोरल्या भावाच्या भिडेतले, आबांपुढं मान डोलावणार आणि पोर जाणार.

नानांनी जावयाला एवढंच विचारलं, "कारण मिटनं का?"

जावयानं नारळ पुढं सरकवला.

आबा खवळले. "भिकन, पोर शे ती, पाखरू नही!"

"म्हनीसन तर इचारस, आबा. पाखरूकरता इतलं इचारतस, मन्ही पोरकरता नको का?"

साडी-नारळ आल्या पावली परत गेले. आत माझा चहा उतू गेला. जाऊ दे मेला, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मी मनीषाला हाका मारत दारात गेले, तर नाना अनवाणी, चवड्यांवर चालत बाहेर आले. तोंडावर बोट. वरण त्यांनी पातेल्यात शिजत ठेवलं होतं, कुकर वाजतो म्हणून.

"हळू बोला, वहिनी," डोळे पुसत म्हणाले, "पोर झोपेल शे. माहेरले उनी तवयपासून पहिल्यांदा."