बेवारस बॅगेचा मुक्काम

"माझी चांगली बॅग आणि संशयास्पद?" माहितीसाहेबांच्या बायकोनं विचारलं. "संशयच यायला हवा असेल तर तुमची ऑफिसची पिशवी न्या ना. तिच्याकडे बघून मला रोज येतो."

"अगं, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. चौकात ठेवायची, लोकांनी घाबरायचं, हवालदारानं चौक रिकामा करायचा आणि बॅग परत. ओरखडासुद्धा येणार नाही."

"आणि कुणी घाबरलंच नाही तर?"

"का नाही घाबरणार? भिंतीभिंतीवर पत्रकं लावलीयत मी. 'बेवारस वस्तूला हात लावू नका.' तीन रंगांत!"

माहितीसाहेब हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. तलावाकाठच्या त्या गावात पर्यटकांना माहिती देणारं एक सरकारी कार्यालय होतं, चौकातल्या टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर. त्यात साहेब आणि शिपाई अशी दोन्ही पदं ते एकटेच भूषवत. बावीस वर्षं त्यांनी तलाव किती खोल आहे आणि संडास कुठे आहे, या दोनच प्रश्नांची उत्तरं दिली होती. पण प्रत्येक वेळी, जणू पहिल्यांदाच कुणी विचारतंय अशा उत्साहानं.

दोन वर्षांपूर्वी राजधानीच्या रेल्वे स्टेशनावर अतिरेक्यांनी बॉम्ब फोडला. माणसं गेली. त्या दिवशी गावानं दुकानं बंद ठेवली. दुसऱ्या दिवशी उघडली, तेव्हा गिऱ्हाईकच नव्हतं. राजधानी गावापासून चांगली तीनशे किलोमीटर लांब. पण लोक घरी बसून ज्या नकाशावर सुटी ठरवतात, त्यावर हे अंतर करंगळीच्या नखाएवढं भरतं. मग पर्यटकांच्या बसेस बंद झाल्या. बस कंपनी म्हणाली, सुरक्षा मंडळाचं प्रमाणपत्र आणा, गाड्या सोडतो. मंडळ म्हणालं, आधी परीक्षा द्या. परीक्षेत पास, तर बस सुरू. नापास, तर माहिती कार्यालयाला कुलूप आणि साहेबांची बदली जन्म-मृत्यू नोंदणीत.

"तिथे निदान माणसं तरी येतात," असं बायको म्हणाली होती. पण तिलाही ते नको होतं.

परीक्षा सोपी होती. चौकात एक बॅग बेवारस ठेवायची. दहा मिनिटांच्या आत कुणीतरी ती ओळखावी, हात न लावता लांब व्हावं, हवालदाराला सांगावं. गावाला आधी पत्ता लागू द्यायचा नाही. मंडळाच्या नियमात 'साधी, जुनी, मळकट बॅग' असं स्वच्छ लिहिलं होतं. साहेबांनी ते वाचलंही होतं. पण बावीस वर्षं 'चौक स्वच्छ ठेवा' म्हणून गावाच्या मागे लागलेल्या माणसाला मंडळाकडून येणाऱ्या तपासनीस बाईंसमोर त्याच चौकात मळकट बॅग ठेवायची लाज वाटली. म्हणून त्यांनी घरातली सगळ्यात देखणी बॅग उचलली. लालभडक, चार चाकांची, मुलीनं परदेशातून येताना आणलेली. विमान कंपनीची चिठ्ठी अजून मुठीला लोंबत होती. आत वजनाला न खपलेली माहितीपत्रकं भरली आणि नियमाप्रमाणे टिकटिक हवी, म्हणून स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ टाकलं.

साडेदहाला साहेबांनी कारंज्याजवळच्या बाकाशेजारी बॅग ठेवली आणि इकडेतिकडे बघत, शीळ घालत वर आले. इतकं संशयास्पद ते आयुष्यात कधी चालले नव्हते, पण त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. खिडकीशी तपासनीस बाई हातात सेकंदाचं घड्याळ घेऊन उभ्या होत्या. सकाळच्या गाडीनं आलेल्या, दुपारच्या गाडीनं जाणाऱ्या, आणि या महिन्यातलं हे नववं गाव असल्यानं चेहऱ्यावर कुठल्याच गावाबद्दल काही मत न उरलेल्या.

"एक लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या. "नियम सात. मी संपलं म्हणेपर्यंत तुम्ही कुणालाही काही सुचवायचं नाही. एक शब्द बोललात की नापास."

"छे छे! आमचे लोक फार जागरूक आहेत."

लोक जागरूक होतेच. पहिल्याच मिनिटाला टॅक्सीवाला जागा झाला. दोन वर्षं तो टॅक्सीत झोपायलाच येत असे. त्यानं एक डोळा उघडला, बॅग पाहिली, दुसरा उघडला आणि ताडकन उठून बसला.

"बघा! सावध झाला," साहेब कुजबुजले.

टॅक्सीवाल्यानं बॅगेभोवती तीन चकरा मारल्या. वाकून चिठ्ठी वाचली. मग आरशात बघून केस विंचरले, शर्ट आत खोचला आणि चौकाच्या चारी दिशांना तोंड करून हाक मारली, "सर? मॅडम? टॅक्सी पाहिजे का टॅक्सी?"

साहेबांनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा समोरच्या लॉजमधून मावशी पदराला हात पुसत धावत येत होत्या. सहा खोल्यांचं लॉज त्या एकट्या चालवत, म्हणजे गेली दोन वर्षं नुसतं झाडत.

"कुठायत? कुठायत?" मावशींचा आवाज वरपर्यंत आला.

"पाय मोकळे करायला गेले असतील मावशी. विमानानं आलेत. चिठ्ठी आहे."

"आणि सामान असं उन्हात? काय म्हणतील आपल्याला? उचल!"

"आधी टॅक्सीतून एक फेरी..."

"लॉज समोर आहे मेल्या! टॅक्सी कशाला?"

एवढ्यात कोपऱ्यावरून हवालदार येताना दिसला आणि साहेबांचा जीव भांड्यात पडला. हवालदारानं मंडळाचं प्रशिक्षण घेतलं होतं. चांगलं दोन दिवसांचं, मधल्या जेवणासकट. हवालदारानं बॅग पाहिली, छाती फुगवली, शिट्टी फुंकली आणि हात आडवा करून रस्त्यावरची एकुलती एक सायकल थांबवली. मग वाकून दुसऱ्या हातानं बॅगेला वाट दाखवली. टॅक्सीवाला पुढून, मावशी मागून, अशी बॅग रस्ता ओलांडून लॉजमध्ये गेली.

"चार मिनिटं दहा सेकंद," बाईंनी घड्याळ दाबलं. "आता मागावर चला. आणि नियम सात."

बॅग खोली नंबर दोनमध्ये होती. तलावाकडच्या खिडकीची ती एकच खोली. खिडकीची कडी गंजून बसली होती, ती हवालदार बुटानं ठोकून उघडत होता. पलंगावर नवी चादर पडली होती.

"शू! हळू बोला," मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. "पाहुणे आलेत."

"पाहिलेत का तुम्ही पाहुणे?" साहेबांनी विचारलं. एवढं तर नियमात बसत असावं.

"सामान आलंय म्हणजे माणूस येणारच की हो. सामान काय एकटं फिरायला येतं?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई लिहीत होत्या. साहेबांनी डोळे मोठे करून, भुवया उडवून, खोकून मावशींना खुणावायचा प्रयत्न केला.

"घशात काय अडकलं? पाणी देऊ?"

"नाही हो. मी म्हणतो, बॅग... जरा जास्तच जड नाही का?"

"जबरदस्त जड!" टॅक्सीवाला खूश होऊन म्हणाला. "जिन्यावर दम लागला. महिनाभर राहणार बघा साहेब."

"पण आत काय असेल कुणास ठाऊक!"

मावशींचा चेहरा बदलला. "साहेब, तुम्ही असं बोलावं? पाहुण्याच्या सामानात डोकवायचं? तीस वर्षांत कुणाच्या उशाखालचं पुस्तकसुद्धा उलटून पाहिलं नाही मी."

"पण आतून," साहेब आता घायकुतीला आले होते, "काहीतरी आवाज येतोय!"

खोलीत शांतता झाली. टिक टिक टिक. बाईंची लेखणी थांबली. हवालदार पुढे झाला, गुडघ्यावर बसला, टोपी काढली आणि बॅगेला कान लावला. साहेबांनी मनातल्या मनात त्याला प्रशिक्षणाच्या दोन्ही दिवसांची आठवण करून दिली.

"घड्याळ आहे," हवालदारानं जाहीर केलं.

"अगंबाई! वेळेचे पक्के दिसतात," मावशी म्हणाल्या. "नाश्ता साडेआठच्या ठोक्याला ठेवायला हवा."

खाली रस्त्यावर खडखड आवाज झाला. साहेबांनी खिडकीतून पाहिलं. बातमी चौकातून तलावापर्यंत पोचली होती. चित्रांची कार्डं विकणाऱ्यानं दुकानाचं शटर वर केलं होतं. मग शेजारच्या टोपीवाल्यानं. नाववाला आपली पालथी घातलेली नाव सुलटी करून तिच्यावर बादलीनं पाणी ओतत होता. एकापाठोपाठ एक शटरं वर जात होती. सारं गाव आळस देत होतं. दोन वर्षांनी. आणि सगळं कशासाठी? आपल्याच न खपलेल्या माहितीपत्रकांसाठी! साहेबांना पहिल्यांदाच परीक्षेपेक्षा निकालानंतरची भीती वाटली. नापास झालो हे आपण बस कंपनीला कळवू. पण त्या शटरांना कुणी कळवायचं?

तेवढ्यात अकरा वाजले आणि बॅगेत गजर झाला.

तो गजर साहेबांच्या बायकोच्या गोळीचा होता. तिला कमी ऐकू येई, म्हणून घड्याळ चांगलं खणखणीत घेतलं होतं. बॅग थरथरत, केकाटत, आपल्या चार चाकांवर पलंगापासून दाराकडे सरकू लागली. बाई एक पाऊल मागे सरल्या. ही नोकरीची सवय. साहेबही सरले, ते बाईंकडे बघून. बाकी कुणी हललं नाही.

"बंद करायला हवं. शेजारची आजी झोपलीय," टॅक्सीवाला म्हणाला.

"बॅग उघडायची नाही!" मावशी गरजल्या. "उशी आण."

हवालदारानं उशी आणली. मावशींनी ती बॅगेवर दाबून धरली. आवाज बसेना, तेव्हा टॅक्सीवाला उशीवर बसला. तोही थरथरू लागला.

"संपलं!" तपासनीस बाई ओरडल्या. "मॉक ड्रिल संपलं!"

गजरही त्याच क्षणी थांबला, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, बाईंनीच थांबवला.

मग साहेबांनी सांगितलं. परीक्षा होती म्हणाले, बॅग माझ्या बायकोची. बॅग उघडून दाखवली. वरच्याच पत्रकावर छापलं होतं : 'या, आम्ही आपली वाट पाहत आहोत.'

"म्हणजे कुणी आलंच नाही?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"पण बॅग चांगली होती हो," टॅक्सीवाला उशीवरून उठत म्हणाला.

मावशींनी चादरीची एक सुरकुती हातानं सारखी केली. मग तपासनीस बाईंकडे वळल्या. "सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तुम्ही. चादर घातलीच आहे, भातही टाकलाय. आता तुम्ही तरी बसा."

"मला दुपारची गाडी..."

"संध्याकाळीही असते."

बाई बसल्या. जेवल्या. तलावाकडच्या खिडकीशी "पाच मिनिटं" म्हणून टेकल्या आणि संध्याकाळची गाडी टॅक्सीवाल्यानं पाठलाग करून पुढच्या स्टेशनात गाठून दिली. जाताना त्या साहेबांना म्हणाल्या, "मला खरं तेच लिहावं लागेल."

"लिहा," साहेब म्हणाले.

अहवाल पंधरा दिवसांनी आला. 'सदर गावी बेवारस वस्तू चार मिनिटं दहा सेकंदांहून अधिक काळ बेवारस राहिली नाही. नागरिकांनी वस्तूस हात लावला (नियमभंग). ती उचलली (नियमभंग). पोलिसाने तिच्यासाठी वाहतूक थांबवली (नियमभंग). तिला तलावाकडील खोली देण्यात आली (याबाबत नियम उपलब्ध नाही). वस्तूतून आवाज येताच न्याहारीची वेळ ठरवण्यात आली. गजर झाल्यावर पळून न जाता उशी आणण्यात आली. मालकाच्या परवानगीशिवाय वस्तू उघडण्यास ठाम नकार देण्यात आला. शेरा : नापास.'

साहेबांनी अहवाल बायकोला वाचून दाखवला. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग म्हणाली, "नोंदणी कार्यालयात खुर्चीला गादी मागून घ्या."

पण मंडळाची एक शिस्त होती. जी गावं नापास होत त्यांची यादी, कारणांसकट, मंडळ सगळ्या प्रवाशांसाठी जाहीर करत असे. प्रवासाला निघण्यापूर्वी लोक ती यादी नीट वाचतात. कुठे जायचं नाही हे कळावं म्हणून. कुठे 'कुंपण तुटलेले', कुठे 'कॅमेरे बंद', कुठे 'ठेवलेली बॅग चोरीस गेली', आणि मग सव्विसाव्या क्रमांकावर हे.

पहिलं एक म्हातारं जोडपं आलं. भाड्याच्या गाडीनं. त्यांनी कारंज्याजवळच्या बाकाशेजारी बॅग ठेवली आणि मागे न बघता तलावाकडे चालू लागले. हवालदार आता शहाणा झाला होता. तो मागे धावला, नाव-गाव विचारलं, बॅग उघडून घेऊन नीट पाहिली, चिठ्ठी लावली आणि मगच सायकल थांबवली. पुढच्या आठवड्यात सात जण आले. मग बस कंपनीकडे लोक त्या नापास गावाची तिकिटं मागू लागले, आणि कंपनीला प्रमाणपत्राची अट कुठे ठेवली ते आठवेना. साहेबांच्या बदलीचा कागद आला होता. पण तो माहितीपत्रकांच्या नव्या गठ्ठ्याखाली कुठेतरी गेला आणि शोधायला साहेबांना सवड नव्हती. तलाव किती खोल आहे, हे दिवसातून चाळीस वेळा सांगावं लागत होतं.

एके सकाळी टेलिफोन वाजला. तपासनीस बाई होत्या.

"सहा महिने झाले. फेरतपासणी लावता येते," त्या म्हणाल्या. "तीच पद्धत. मी चौकात बॅग ठेवीन. या खेपेला चार दिवसांची रजा घेऊन येतेय, म्हणजे काम सावकाशीनं होईल. चालेल ना?"

साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं. बाकाशेजारी चिठ्ठ्या लावलेल्या एकोणीस बॅगा ओळीनं उभ्या होत्या. हवालदार विसाव्या बॅगेच्या मालकामागे धावत होता आणि मावशी लॉजच्या दारात कमरेवर हात ठेवून कुणाला तरी काहीतरी ठणकावून सांगत होत्या.

"या ना बाई, अगदी अवश्य या," माहितीसाहेब म्हणाले. "फक्त बॅग ठेवायच्या आधी मावशींना एक फोन करा. बेवारस बॅगांना पुढच्या महिन्यापर्यंत खोली नाही."