एका सासूबाईंच्या तिघी

आमच्या कंपनीची ब्लॉकचेन चुकणं शक्यच नाही, असं मी सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अडलं होतं, कारण डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी बाकीच्या डॉक्टरांचे कागद हवे होते. आणि सासूबाईंना आता जावयाचा, म्हणजे माझा, चेहराही धूसर दिसायला लागला होता. (त्याबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती, ती गोष्ट वेगळी!)

"आई, कागद गोळा करायची भानगडच नको! सगळे दवाखाने एका साखळीत. एकाने नोंद केली की सगळ्यांना दिसते. आणि एकदा लिहिलेलं ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही!"

"सगळ्यांना सगळं दिसतं?" सासूबाईंचा आवाज बारीक झाला. मी तिकडे साफ दुर्लक्ष केलं आणि त्यांच्या मोबाइलवर 'परवानगी' दाबून टाकली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्क्रीनकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

"या दोन बायका आहेत," ते म्हणाले.

झालं होतं असं, की फॅमिली डॉक्टर ओरडू नयेत म्हणून सासूबाईंनी त्यांना 'रोज तासभर चालते' असं सांगितलं होतं. आणि हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम देऊ नये म्हणून त्यांना 'पाऊल उचलवत नाही' असं! दोघांनी ते इमानेइतबारे लिहिलं. कॉम्प्युटरने निष्कर्ष काढला: एका नावावर दोन पेशंट. ऑपरेशन स्थगित!

"अहो, खोडा की ते!" सासूबाई माझ्यावर घसरल्या.

"खोडता येत नाही, आई. दुरुस्ती जोडता येते. खरं काय ते सांगून टाका."

"कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते," त्या पुटपुटल्या. "येताना कुणाच्या तरी गाडीवर बसते."

डॉक्टरांनी ते टाइप केलं. कॉम्प्युटरने क्षणभर विचार केला आणि तिसरी बाई जाहीर केली!

"म्हणजे मी आता अशीच चाचपडत बसायचं?" सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी डॉक्टरांनी सरळ फॅमिली डॉक्टरांना फोन लावला.

"एकच आहेत हो त्या!" पलीकडून आवाज आला. "तासभर चालतात यावर माझा कधी विश्वास होता?"

ऑपरेशन झकास झालं. फक्त साखळीच्या मते ते तिघींपैकी एकीचंच झालंय. उरलेल्या दोघींनी तारीख घ्यावी म्हणून रोज फोन येतो. सासूबाई आता खोलीच्या दुसऱ्या टोकावरून नंबर वाचतात आणि हाक मारतात, "जावईबापू, घ्या! तुमची साखळी!"