आप्पांच्या देखरेखीखालचं बाळंतपण

मॉली पोटुशी आहे ही बातमी घरात सर्वांत शेवटी आप्पांना कळली आणि त्याचा त्यांना राग आला. उभी हयात अग्निशमन दलात काढलेल्या माणसाला घरात काय घडणार आहे हे ते घडायच्या आधी कळायला हवं, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत त्यांच्याशिवाय घरात कुणाचीच नव्हती.

"पोट बघा ना तिचं," सूनबाई म्हणाली.

आप्पांनी फिश टँकच्या काचेला नाक लावलं. काळीभोर मॉली कोपऱ्यात उभी होती आणि तिचं पोट खरोखरच टम्म फुगलं होतं. तिचा नवरा, तोही काळाच, पण अंगानं बारीक, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं इकडेतिकडे फिरत होता.

"खाणं जास्त झालं असेल," आप्पा म्हणाले.

"नाही हो आजोबा," बबडी म्हणाली. ही त्यांची नात, टाकीची मालकीण. "हे मासे अंडी नाही घालत, एकदम पिल्लंच देतात. आणि मग आईच ती खाऊन टाकते."

"आई? स्वतःची पिल्लं?"

"तिला कळत नाही ना आपली आहेत म्हणून."

आप्पांनी मॉलीकडे पुन्हा पाहिलं. आतापर्यंत गरीब वाटणारी ती मासळी आता त्यांना चांगलीच आतल्या गाठीची दिसू लागली.

पंचाईत अशी होती की बबडीला शाळेच्या शिबिराला जायचं होतं आणि मॉलीचे दिवस भरत आले होते. बबडी शिबिर रद्द करायला निघाली. तिचे बाबा फिरतीवर. सूनबाई म्हणाली, मी बघते. पण आप्पा हे ऐकून गप्प बसणारे नव्हते.

"मी आहे ना! एकही पिल्लू जाणार नाही. शब्द देतो तुला."

"आप्पा, कशाला उगीच," सूनबाई म्हणाली.

"अगं, आगीतून माणसं बाहेर काढलीत मी!"

"हो, पण इथे पाणी आहे."

बबडीनं आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे. मग मोठ्या माणसासारखा एक सुस्कारा टाकून तिनं सगळं नीट समजावून दिलं. मॉलीला टाकीतल्या टाकीत जाळीच्या पेटीत ठेवायचं. पिल्लं झाली की फटींतून खाली निसटतात, आईचं तोंड तिथे पोचत नाही. मासेराव बरणीत. पाणी बदलायचं तर थोडंसंच, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढे सगळं केलंही, फक्त "थोडंसंच" हा शब्द त्यांच्या स्वभावात बसत नसल्यामुळे तेवढा गळून गेला.

बबडीची बस कोपऱ्यावरून वळली आणि घरात पहारा सुरू झाला. सकाळ आप्पांची, दुपार आजीची, संध्याकाळ सूनबाईची. हालचाल दिसली की शिट्टी. शिट्टी आप्पांच्या गळ्यात होती, दुसऱ्या कुणाला देण्याइतका त्यांचा कुणावर विश्वास नव्हता.

"मग आम्हाला हालचाल दिसली तर?" आजीनं विचारलं.

"मला हाक मारायची. मी शिट्टी वाजवीन."

"म्हणजे तुम्ही इथेच बसणार. मग आमची पाळी कशाला लावलीत?"

आप्पांनी उत्तरादाखल शिट्टी वाजवून बघितली. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं. मॉली पेटीच्या या टोकाहून त्या टोकाला गेली.

खरी शिट्टी दुसऱ्याच दिवशी वाजली. आजी कणकेच्या हातानं धावत आली, सूनबाई ऑफिसचा फोन कानाला तसाच धरून. मॉलीच्या पोटाखाली काहीतरी लोंबत होतं.

"सुरू झालं!" आप्पा म्हणाले. "कुणी बोलू नका!"

सगळे श्वास रोखून उभे राहिले. ते लोंबणारं सुटलं आणि डुलत डुलत तळाशी गेलं. आजीनं पदरानं चष्मा पुसून नीट पाहिलं.

"अहो, शी केलीय तिनं," ती म्हणाली आणि कणकेकडे परत गेली. त्यानंतर शिट्टी वाजली की घरातलं कुणी जागचं उठेना.

मग एका सकाळी मॉली पेटीच्या तळाशी जाऊन बसली. खाईना, हलेना. आप्पांनी तिला जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, बॅटरी मारून पाहिलं. पाणी त्यांना गढूळ वाटलं. गुदमरतेय, त्यांच्या मनानं घेतलं. आयुष्यभर गुदमरलेल्यांना सोडवण्यात गेलेल्या माणसाला यापुढे दम धरणं शक्य नव्हतं. पाणी बदलायचं ठरलं.

टाकीतलं जुनं पाणी आप्पा कधी मोरीत ओतत नसत. खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांचा गुलाबांचा ताटवा होता आणि माशांचं पाणी गुलाबांना मानवतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे आप्पांच्या गॅलरीतून रबरी नळी खाली सोडायची आणि टाकीतलं पाणी थेट पोस्टमास्तरांच्या पिंपात उतरवायचं, अशी दोघांत सोय झाली होती. नळी हातात आली की आप्पांचं वय वीस वर्षांनी उतरे.

"तयार?" आप्पा गॅलरीतून ओरडले.

"तयार!" पोस्टमास्तर पिंपापाशी नळीचं तोंड धरून उभे होते. त्यांनाही हे आवडे.

"पाणी सोडतोय!"

"सोडा!"

आप्पांनी नळीचं टोक टाकीच्या अगदी तळाशी नेलं. गाळ तळाशीच असतो. चष्मा भिजू नये म्हणून तो त्यांनी आधीच खिशात घालून ठेवला होता. पाणी भराभर उतरलं. कुठे थांबायचं हे बबडीनं सांगितलं होतं, पण धार चांगली लागली असताना मध्येच थांबवणं हे आप्पांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

"आलं का?"

"आलं! भरलं! बस करा, बुडवता काय आम्हाला!"

नवं पाणी भरून झाल्यावर आप्पांनी चष्मा लावला. मॉली झक्क पोहत होती. तिचं पोट सपाट झालं होतं. पेटी रिकामी होती. खाली टाकीतही काही नव्हतं. खड्यांत नव्हतं, पानांत नव्हतं, पंपामागे नव्हतं.

"खाल्लीन," आप्पा म्हणाले आणि खुर्चीत बसले. "मी पाठ फिरवली तेवढ्यात सगळी खाल्लीन."

त्यांना खरोखर वाईट वाटलं. पोर शिबिराहून येणार, बूट न काढता टाकीकडे धावणार आणि आजोबांनी दिलेल्या शब्दाचं काय झालं ते तिला कळणार. मोठमोठ्या साहेबांसमोर मान खाली न घालणारे आप्पा त्या दुपारी जेवले नाहीत.

"तिला खरं सांगा," आजी म्हणाली. "पोर समजूतदार आहे."

"खरं काय सांगू? तुझा आजोबा एका माशाला पुरा पडला नाही म्हणून?"

आणि पायांत चपला सरकवून ते माशांच्या दुकानात गेले.

"मॉलीची पिल्लं हवीत. काळी. आजच जन्मलेली असली तर उत्तम."

"काळी संपली," दुकानदार म्हणाला. "प्लॅटी जातीची आहेत. केशरी."

"मला काळीच हवीत."

"काका, पोरं काय आईसारखीच होतात सगळी? माझा मुलगा बघा, माझ्यासारखा दिसतो कुठे?"

आप्पांनी गल्ल्यावर बसलेल्या मुलाकडे पाहिलं. मुद्दा पटण्यासारखा होता. त्यांनी केशरी पिल्लं घेतली.

बबडी आली ती अपेक्षेप्रमाणे बुटांसकट टाकीकडे धावली. आप्पा बाजूला उभे राहिले, सलामी घ्यायला उभं राहावं तसे. बबडीनं काचेला नाक लावलं.

"आजोबा, ही केशरी कशी?"

"बापावर गेलीत."

बबडीनं बरणीकडे पाहिलं. बाप काळाकुट्ट होता आणि बरणीत राहून राहून आणखीच काळवंडल्यासारखा दिसत होता.

"मग आजोबांवर गेली असतील," आजी स्वयंपाकघरातून म्हणाली. "रंग उधळण्यात ते पुढेच आहेत."

आप्पा काहीतरी बोलणार तेवढ्यात बेल वाजली. दारात पोस्टमास्तर उभे, हातात बरणी, चेहरा लाल.

"आप्पा, ही काय पद्धत झाली? मी पाणी मागितलं, तुम्ही डासांच्या अळ्या पाठवल्यात! पिंपात नुसता बुजबुजाट झालाय. मी पिंपात रॉकेल ओतणार होतो, म्हटलं आधी तुम्हाला दाखवावं आणि मग आरोग्य खात्यात जावं."

बबडीनं बरणी त्यांच्या हातातून घेऊन उजेडात धरली. आत मोहरीच्या दाण्यांएवढे डोळे असलेली काळी पिल्लं सुरसुर फिरत होती.

"अळ्या नाहीत, काका," ती हळूच म्हणाली. "ही आमचीच आहेत. पिंपातली बाकीचीपण."

पोस्टमास्तरांनी बरणीकडे पाहिलं, टाकीतल्या केशरी पिल्लांकडे पाहिलं, आणि जिथे आपलं काम नाही तिथे थांबू नये इतका पोच त्यांना असल्यामुळे ते पिंपावर झाकण ठेवायला निघून गेले.

आप्पा खुर्चीत बसले. गळ्यातली शिट्टी त्यांनी काढून टेबलावर ठेवली.

"बबडे, मी खोटं बोललो. पाणी सोडताना पिल्लं नळीतून खाली गेली, मला दिसलंच नाही. वाटलं, तिनं खाल्ली. म्हणून दुकानातून ही आणली. तुला शब्द दिला होता, आणि तुला फसवलं. मला माफ कर."

बबडी त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. तिनं आईकडे पाहिलं. सूनबाईनं आधी मान नकारार्थी हलवली, मग आप्पांचा उतरलेला चेहरा पाहून होकारार्थी.

"आजोबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," बबडी म्हणाली. "तुम्ही मला आणलेली मॉली होती ना, ती ही नाहीच."

"म्हणजे?"

"ती केव्हाच मेली. तुम्ही एकदा टाकी साबणानं घासली होतीत, आठवतंय? तुमच्या मनाला लागेल म्हणून आईनं आणि मी तशीच दुसरी आणली. ही तिसरी आहे."

आप्पांनी टाकीकडे पाहिलं. मॉली त्यांच्याकडे पाहत होती, पण ओळख दाखवत नव्हती.

"आणि दुसरी?"

बबडीनं आईकडे पाहिलं, आईनं खिडकीबाहेर. स्वयंपाकघरात आजीनं उगाचच नळ सुरू केला.

"तीपण मीच?" आप्पांनी विचारलं. "अगं, मग एवढं सगळं माहीत असताना ही तिसरी माझ्या ताब्यात दिलीस तरी कशाला?"

"नाही म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं," बबडी त्यांच्या मांडीवर हात ठेवून म्हणाली. "आणि दुकानात मोठ्या काळ्या अजून होत्या."