रापणीच्या दोरीला हात

आमच्या पोलीस ठाण्यातले परब हवालदार अल्पवयीन मुलाच्या घरी चौकशीला जाताना गणवेश उतरवतात आणि हातात मासळीची पिशवी घेतात. दारात पोलीस आला असं शेजाऱ्यांना वाटू नये, मासे न्यायला आला असं वाटावं. अडचण एवढीच की हवालदार माळकरी आहेत.

"हवालदारानू, माळ खुंटयेर ठेवलात?" बायका विचारतात.

"वास घेवक परवानगी आसा," हवालदार म्हणतात आणि पुढे जातात.

मी तालुक्याच्या बातम्या पाठवतो. गेल्या वर्षी तोंडवलीत सोळा वर्षांच्या एका मुलाने दाजींच्या रापणीच्या जाळ्याची शिशाची वजनं कापून भंगारात विकली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी दोरीने ओढायचं मोठं जाळं; दाजी तिचे मालक. त्यांना मुलावर केस हवी होती. किरकोळ चोरीत अल्पवयीनावर गुन्हा नोंदवत नाहीत. डायरीत नोंद होते, बाल न्याय मंडळाला अहवाल जातो. हवालदारांनी हे तीनदा समजावलं.

"नोंदव नुको," दाजी म्हणाले. "पण तो माझ्या दोरयेक हात लावचो नाय."

मुलाला वडील नव्हते. त्याच्या घरची चूल रापणीच्या वाट्यावर पेटत असे.

दुसऱ्या सकाळी रापण अर्धी ओढून झाली होती. हवालदार विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आले, दोरीला लागले आणि मुलाला आपल्या मागे दोरीवर उभं केलं. भरलेली रापण ओढताना दोरी सोडून भांडता येत नाही. दाजी दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी तिथूनच दोन शिव्या दिल्या आणि ओढत राहिले.

दोरीला हात लावला त्याला वाटा, अशी रीत. दाजींनी वाळूवर मासळीचे वाटे घातले. हवालदारांचाही घातला. मग मुलापाशी त्यांचा हात थांबला.

"माझो त्येका देवा," हवालदार म्हणाले.

"तुमचो तुमका," दाजी म्हणाले. एक वाटा वाढवला आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "फाल्यां सकाळी पाचाक येवक होया. उशीर केलंस तर बगून घेयन."

दुपारी मी ठाण्यात गेलो. सोललेल्या तळव्यांनी हवालदार अहवाल लिहीत होते. मुलावर लक्ष ठेवणारी जबाबदार व्यक्ती कोण, या रकान्यात दाजींचं नाव होतं.

"दाजींना विचारलंत?"

"कित्याक? पाचाक बोलावल्यानी मां."

त्या नावाच्या वर एक नाव लिहून खोडलेलं होतं. एकाच रेघेने खोडलं होतं, त्यामुळे वाचता आलं. ते हवालदारांचं स्वतःचं होतं.