ओल्सेनसाहेबांचे बहुमत

आमच्या शेजारच्या बंगल्यात जेवायला काय करायचे हे मतदानाने ठरत असे. मतदार तीन: भाडेकरू ओल्सेनसाहेब, स्वयंपाकीण मुक्ताबाई आणि बिराप्पा धनगर. पितळी तांब्यात मूठ झाकून मत टाकायचे. चिंचोका म्हणजे होय, खडा म्हणजे नाही. मोजायला त्रयस्थ माणूस हवा म्हणून मला कुंपणावरून हाक येई. मी गिरणीत कापडाचे तागे मोजणारा कारकून, त्यामुळे माझ्या मोजणीवर साहेबांचा भरवसा होता.

साहेब नॉर्वेचे. तो देश कुठे आहे, हे त्यांनीच मला नकाशावर दाखवले. "सोलापुरावरनं वर चला. अजून वर. थंडी वाजाय लागली की थांबू नगा, अजून वर." मासेमाराचा मुलगा. शिकून भाषेचा प्रोफेसर झाला, नऊ वर्षे तिथल्या पार्लमेंटात बसला आणि पुढच्या निवडणुकीत अकरा मतांनी पडला. बायको आधीच वारली होती. मुलीचे लग्न करून दिले आणि धनगरांच्या बोलीचा शब्दकोश करण्यासाठी हे गृहस्थ दोन वर्षांच्या बोलीने सोलापुरात आले. मी सांगतो ती हकिगत सातव्या वर्षाची आहे.

शब्द बिराप्पाकडून घ्यायचे, म्हणून साहेबांना मराठी आली ती बिराप्पाची. सहा फूट दोन इंचांचा गोरा माणूस कचेरीतल्या हेडक्लार्कपुढे हॅट काढून म्हणे, "राम राम पावनं! ज्येवान झालं न्हवं?" हेडक्लार्क इंग्रजीत उत्तर देत. साहेब मला विचारत, "त्येला मराठी येत न्हाय व्हय?"

मतदानाची सवय पार्लमेंटातली. ते म्हणत, "नऊ वर्सं बोललो. कुनी ऐकलं का न्हाय, मोजल्याबिगर कळत न्हाय." पण इथे मोजले की साहेब हरत. भाकरीऐवजी पाव आणावा: दोन खडे. शेंगाचटणीत तिखट कमी घालावे: दोन खडे. बिराप्पाने मेंढी ओसरीवर बांधू नये: दोन खडे. मी टिपण ठेवले होते. एकशे सदतीस ठराव, आणि साहेबांची बाजू एकदाही जिंकलेली नाही. दर वेळी ते टाळी वाजवून म्हणत, "हरलो की! बहुमत ते बहुमत." मग डोळे पुसत तीच चटणी खात.

एकदा मी मुक्ताबाईला म्हणालो, "बाई, एखादे मत द्या की त्यांना."

"दिऊन काय करू? हरल्यावर कसं हसत्यात बघितलंसा न्हवं? जितल्यावर तसं हसत्याल व्हय?"

उन्हाळ्यात मात्र साहेब हसत नसत. परातीतल्या पाण्यात पाय बुडवून ओसरीवर बसत आणि खिशातून मुलीचा फोटो काढत. पायांना लांब फळ्या बांधून ती बर्फावर उभी होती. बिराप्पा त्यांना लोकरीचे शब्द देई आणि ते त्याला बर्फाचे देत: ताजे पडलेले, शिळे, बुटाखाली करकरणारे.

"एका पांढऱ्या वस्तूला इतकी नावं?" बिराप्पा म्हणे.

"मग तुज्या मेंढराला किती हायती?"

बिराप्पा स्वयंपाकघरात जाऊन हळूच सांगे, "सायबाचा जीव तिकडं हाय, बाई."

त्या वैशाखात मुलीचे पत्र आले. नातू चालू लागला आहे, तुमची खोली तशीच ठेवली आहे, आता या. साहेबांनी पत्र मराठी करून सगळ्यांना वाचून दाखवले आणि ठराव मांडला: "म्या घरला जावं."

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "घाबरू नगा. मी चिंचोका टाकनार. बापानं चिंचोकाच टाकाय पायजे. पर निकाल काय, ते तुमाला ठावं हाय." आणि त्यांनी डोळा मिचकावला. बहुमत विरुद्ध गेले, असे मुलीला कळवणारे पत्र त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. त्याची घडी कोटाच्या खिशातून डोकावत होती.

मुक्ताबाईने मत टाकायला फार वेळ लावला. मी तांब्या पाटावर उपडा केला. तीन चिंचोके.

"पुन्यांदा मोजा," साहेब म्हणाले.

पुन्हा मोजले. तांब्यात हात घालून तळ चाचपला. तळाशी काही नव्हते. आयुष्य मोजण्यात गेले, पण बेरीज बरोबर आल्याचे वाईट मला त्या दिवशी प्रथम वाटले. साहेबांनी टाळी वाजवली नाही. जिंकल्यावर काय म्हणायचे, ते त्यांना आठवेना. "बहुमत ते बहुमत," एवढेच म्हणून ते ट्रंक काढायला आत गेले.

मुक्ताबाई पदराने नाक पुसत होती. "सात वर्सं त्या बापड्याचं एक बी ऐकलं न्हाय. मनातलं एकदा तरी हुं दे म्हटलं."

"मी बी त्येच म्हटलं," पाठमोरा बिराप्पा म्हणाला.

मी चिंचोके गोळा करून पुन्हा तांब्यात टाकले. साहेबांनी डोळा मिचकावल्याचे सांगून त्या दोघांना काय मिळाले असते?

आठ महिन्यांनी साहेबांचे पत्र आले. अक्षर देवनागरी, मराठी बिराप्पाची. मुक्ताबाई तेव्हा आमच्याकडे स्वयंपाकाला होती. बिराप्पा बाजाराला आला तेव्हा मी ते दोघांना वाचून दाखवले. "बर्फ लई पडलंय. नातवाला 'आज्जा' म्हनाय शिकवलं. लेक गुनाची हाय. पाव म्हटलं की पाव, तिखट नगं म्हटलं की न्हाय घालत. समदं मी म्हनल तसं हुतं. हितं मला हरवाय कोन न्हाय. म्हनून एक ठराव धाडतो. चटनीत तिखट कमी घालावं. मतं मोजून कळवा."

बंगल्यातून येताना आणलेला तोच तांब्या मुक्ताबाईने फळीवरून काढला. या वेळी कोणी मूठ झाकली नाही. दोन्ही खडे खणखणत पडले.

मी ते कागदात गुंडाळून पाकिटात घातले. वजन जास्त भरेल हे मला कळत होते.

"वर ल्ह्या," मुक्ताबाई म्हणाली, "सायेब, हरलासा की."