हरेश्वरच्या गाडीचे काळे प्लग

सकाळी सकाळी बेल वाजली आणि दारातून कोणी "मावशी, हात दाखवा" म्हणालं, की समजायचं, वरच्या मजल्यावरच्या हरेश्वरची गाडी पुन्हा बिघडली. मी हात पुढे करते. तो वाकून बोटांचा वास घेतो. पेट्रोलचा येतो का ते बघतो. येतो लसणाचा. मग मान हलवत तो शेजारच्या शहाबेनच्या दाराकडे वळतो.

हरेश्वर मूळचा इथून जवळच्याच खारी गावचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. वय त्रेसष्ट. लग्न केलं नाही, कारण मुलीकडचे काहीतरी लपवतायत असं त्याला दर वेळी वाटलं. मीरा रोडच्या आमच्या बिल्डिंगीत तो एकटा राहतो. त्याची गाडी लाल, छोटीशी. पण आत टर्बो बसवून घेतलाय, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र. ती सुरू झाली की माझ्या खिडकीतले पेले वाजतात.

मी चौथी शिकलेली, पण या माणसामुळे स्पार्क प्लग मला पाठ झालेत. गाडी अडखळली की तो चारही प्लग काढतो, मसाल्याच्या डब्यात एकेका वाटीत ठेवतो आणि घरोघर दाखवत फिरतो. टोक विटकरी असेल तर इंजिन निरोगी. तेलकट असेल तर ऑइल आत उतरतंय. पांढरं पडलं असेल तर प्लग फार तापतोय. हरेश्वरचे प्लग कायम काळे, कोरडे, तव्याच्या बुडासारखे.

"कोणीतरी हात मारलाय, मावशी!"

कधी पंपवाल्याने रॉकेल मिसळलेलं असतं, कधी शहाबेनच्या सुनेनं टाकीत साखर टाकलेली असते. एकदा संशय माझ्यावर आला, कारण माझी खिडकी गाडीच्या सगळ्यात जवळ.

"टाकीचं झाकण कुठं असतं तेसुद्धा मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

"चोर असंच बोलतो."

शेवटी पीटर मेकॅनिकला बोलावलं. त्याने खाली गाडीजवळच प्लग उन्हात धरून बघितले.

"अंकल, पेट्रोल चांगलं आहे. टर्बोसाठी तुम्ही थंड प्लग लावलेत, उष्णता झटकन सोडणारे. गाडी वरसाव्याच्या पुलावर पळवलीत तर काजळी जळून जाईल. पण हिला कोणीतरी रोज अर्धा तास नुसती उभी करून चालू ठेवतंय. एक नंबर जास्त गरम प्लग लावतो, काळे पडणार नाहीत. फक्त मग पळवायची नाही, पिस्टन वितळेल."

"ऐकलंत? कोणीतरी!" हरेश्वर माझ्याकडे बघत म्हणाला.

"चावी कोणाकडे असते?" मी विचारलं.

"माझ्या गळ्यात."

"मग?"

त्याने चावी शर्टाच्या आत सरकवली. "दुसरी बनवली असेल." आणि तेच प्लग घासून परत लावायला लावले.

आता संशय मला आला. हा रोज चार वाजता 'टेस्टिंगला' म्हणून जातो. बाई असणार, मला वाटलं. बाई होतीच.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी जाऊन गाडीत बसले.

"उतरा, मावशी."

"नाही उतरत. माझ्यावर आळ घेतलास ना? आता मी बघते."

त्याने गाडी काढली. खारीतल्या एका बोळात, एका बैठ्या घरासमोर गाडी थांबवली. इंजिन चालूच. समोर ओट्यावर माझ्याच वयाची बाई सुकट निवडत होती.

"कोण ती?"

"आक्का. मोठी बहीण."

मग तो समोर बघतच सांगत गेला. आई त्याच्याकडेच वारली. तिच्या सोन्याच्या कुड्या सापडेनात. बाराव्याला सगळ्या भावकीसमोर त्याने आक्काला तिची पिशवी उलटी करायला लावली. त्यानंतर आक्का बोललेली नाही. आठ महिन्यांपूर्वी कुड्या त्याच्याच तांदळाच्या पिंपात सापडल्या. आईनेच लपवलेल्या.

"रोज सांगायला येतो."

"मग इंजिन कशाला चालू?"

"ती उठून आलीच, तर निघता यावं."

असा वेडा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी त्याला तसं सांगणार, तेवढ्यात गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. त्याने चावी फिरवली. नुसती खरखर.

आक्का सूप ठेवून उठली. येऊन काचेवर टकटक केलं.

"रोज येऊन पालत ठेवतंस माज्यावर? बग, कानान काय न्हाय माज्या!"

हरेश्वर चावीच फिरवत राहिला. मी त्याला कोपर मारलं. त्याने डॅशबोर्डातून कागदाची पुडी काढली.

"आक्का, माज्याच घरान गावल्या. आयनं ठेवल्या व्हत्या."

"कवा गावल्या?"

"आठ म्हयनं झालं."

आक्काने पुडी उघडली, मिटली, कमरेला खोचली.

"उतर," मग ती म्हणाली. "खिसं उलटं कर, मंगच आत ये."

आजूबाजूच्या दारांत बायका येऊन उभ्या होत्या. हरेश्वरने सगळ्यांसमोर दोन्ही खिसे बाहेर काढले. एक पाना पडला, रुमाल पडला, गोळ्यांची पट्टी पडली. आक्का वाकून उचलायला लागली. "कसल्या गोल्या रं ह्या?" तिने विचारलं, आणि तो रडायला लागला.

मी ओट्यावर बसून पीटरला फोन लावला. थंड की गरम, कुठले प्लग आणू, तो विचारत होता. मी दारातून हरेश्वरला विचारलं.

तोंडात घास होता, तसाच तो म्हणाला, "गरम. आता खारीपेक्षा लांब कुठं जायचंय?"