संध्याकाळची चिमूट

कुठल्याही जागेत किती जीव पोसले जातील याला एक मर्यादा असते, आणि ती नेहमी दुसऱ्यांनीच ओलांडलेली असते. या एका सत्यावर साहेबांनी लोकसंख्या खात्यात एकतीस वर्षं काढली. नऊशे व्याख्यानं दिली. (शेवटपर्यंत जागा असलेला श्रोता बहुधा माइकवाला.)

घरी बायकोची काचेची टाकी होती. चाळीस लिटर पाणी, बारा गप्पी मासे. अकरा वर्षांत आकडा कधी पंधराच्या पुढे गेला नाही. साहेब व्याख्यानात दाखला देत, निसर्ग आपला समतोल आपणच राखतो. (टाकीचं पाणी कोण बदलतं, हा मुद्दा व्याख्यानाच्या कक्षेबाहेर होता.)

खाणं घालायची वाटणी ठरलेली होती. सकाळची चिमूट तिची, संध्याकाळची साहेबांची. अकरा वर्षांत साहेबांना आपली पाळी सहा वेळा आठवली. त्यातल्या चार वेळा ती शेजारीच उभी होती.

मागच्या वर्षी ती गेली. घराची लोकसंख्या पन्नास टक्क्यांनी घटली. शास्त्राप्रमाणे उरलेल्याच्या वाट्याला दुप्पट जागा, दुप्पट हवा आणि दुप्पट चहा यायला हवा. चहाचं तेवढं खरं ठरलं, कारण हात अजून दोन कपांचंच आधण ठेवत होता.

साहेबांनी सकाळची चिमूट चालू ठेवली, कारण ती तिची. संध्याकाळची सुरू केली, कारण ती राहून गेलेली. एकही दिवस चुकले नाहीत. वर्षभरात मासे दीडशेच्या घरात गेले. पाणी गढूळलं. मासे वर येऊन तोंडं उघडून हवा गिळू लागले. रोज सकाळी तीन-चार उलटे तरंगत. साहेबांनी टिपण लिहिलं : 'कारण - प्रजेचा बेजबाबदारपणा.'

लेक आली ती टाकीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, किती वेळा खायला घालता यांना?"

"दोनदा. सकाळी तिची पाळी, संध्याकाळी माझी."

"अहो, तुमची पाळी नव्हतीच! एका चिमटीत भागतं त्यांचं. तुम्ही म्हणालात, मलाही काहीतरी काम दे, म्हणून आईनं संध्याकाळ दिली. मी म्हटलं, जास्त होईल गं. तर हसली. म्हणाली, ते विसरतात, तू काळजी करू नकोस."

साहेब खुर्चीत बसले. म्हणजे तो समतोल निसर्गाचा नव्हता. बायकोनं नवऱ्यावर टाकलेल्या भरवशाचा होता, आणि तो त्यांनी अकरा वर्षं इमानानं निभावला होता. नोकरीत असं कुठलंच काम त्यांना जमलं नव्हतं.

"आता संध्याकाळचं बंद करा, नाहीतर एकही राहायचा नाही," लेक म्हणाली.

उपाय सोपा होता. पुन्हा विसरायचं. साहेबांनी आठ दिवस झटून प्रयत्न केला. दिवे लागले की हात डब्याकडे जाई. जे काम एवढी वर्षं आपोआप होत होतं, ते आता काही केल्या होईना.

शेवटी त्यांनी वीस बरण्या धुऊन ओट्यावर मांडल्या आणि सूचना काढली : प्रत्येकी सहा मासे, विनामूल्य. पात्रता एकच. घरातलं एखादं काम आपल्याकडे आहे, हे वर्षानुवर्षं ज्याच्या ध्यानात राहिलेलं नाही असा माणूस हवा.

अर्ज करायची गरज नाही. तुमची निवड झालेली आहे. येताना घरी विचारून या, तुमच्याकडे कोणतं काम होतं ते. विचारायला कोणी आहे, तोवर.